पिशवीभर शिसं

मध्यंतरी ऋचाचा फोन आला. ऋचा माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीत असताना माझ्याकडे एअर रायफल शिकायला आली होती, आता खारघरला स्वतःची नेमबाजीची रेंज काढते आहे. मॅडम, रेंजला काय काय सामान लागतं त्याची एक यादी करून द्या ना, असं तिने हक्काने सांगितलं. मी हो म्हटलं आणि गॅलरीत खुर्ची टाकून कागद-पेन घेऊन बसले.

ऑक्टोबर लागला होता. उलव्यातला ऑक्टोबर नाकाला आधी कळतो. पाऊस ओसरला की खाडीकडचा चिखल वाळू लागतो, आणि भरतीच्या वेळी वारा फिरला की खारट, कुबट वास थेट माझ्या पाचव्या मजल्यावरच्या घरापर्यंत येतो. डंपर धूळ उडवत जातात. दुपारच्या उन्हात सोसायटीतली कुत्री गाड्यांखालून बाहेर पडत नाहीत. चौकात देवीच्या मंडपाचे बांबू उभे राहतात आणि संध्याकाळी कुठल्या तरी गच्चीवर गरब्याची तालीम सुरू होते. लोक म्हणतात, काय हा उकाडा. माझ्यासाठी मात्र हे दिवस निवड स्पर्धेचे. वर्षभर घाम गाळलेल्या मुलांनी दहा मीटरवरच्या कागदावर, टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्यावर नेम धरायचे दिवस.

यादी भराभर उतरत गेली. टार्गेटचे कागद, छर्ऱ्यांचे डबे, हवेचे सिलिंडर आणि जादा रबरी रिंगा. रायफल रिकामी आहे हे लांबूनही दिसावं म्हणून नळीत घालायची केशरी दोरी. तिच्यात काटकसर करू नकोस, असं बाजूला लिहिलं. न वापरायचा डोळा झाकायला पट्ट्या. प्रथमोपचाराची पेटी. ट्रॅप, म्हणजे कागदामागची लोखंडी पेटी, जिच्यावर आपटून छर्रे चपटे होतात आणि खालच्या खणात साचतात. मग लिहिलं, हात धुवायचा साबण, बादली, ओलं फडकं. तिथे पेन थांबलं. मला तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आठवला. खरं तर तो आठवावा लागत नाही.

तेव्हाही माझी रेंज आजच्याच जागी होती, एका शाळेच्या तळमजल्यावरच्या लांबट हॉलमध्ये. सहा लेन, सहा ट्यूबलाइट. एअर रायफलचा आवाज मोठा नसतो. आधी हवेचा एक सुस्कारा येतो आणि लगेच पलीकडे लोखंडावर टक्. सहा मुलं एकदम सरावाला उभी राहिली की पत्र्यावर टपोरे थेंब पडावेत तसं वाटतं. हा आवाज मला लहानपणापासून आवडतो. मी साताऱ्याकडची. कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा रायफल हातात घेतली, राज्याकडून खेळले, लग्न होऊन इकडे आले आणि शिकवायला लागले. शिस्तीची मास्तरीण म्हणून माझं नाव होतं. माझ्याकडे एक नियम होता. सराव संपला की कोपरापर्यंत हात धुवायचे, तोंड धुवायचं, मगच डबा उघडायचा. छर्रे शिशाचे असतात आणि शिसं पोटात गेलं तर, विशेषतः वाढत्या वयात, फार वाईट असतं. हा नियम मी इंग्रजीत छापून बेसिनच्या वर चिकटवला होता. एखादं मूल हात न धुता बिस्किट खाताना दिसलं तर मी त्याला त्या दिवशी घरी पाठवत असे. पालकांना याचं फार कौतुक.

हॉलची झाडलोट सुगंधामावशी करायच्या. पन्नाशीच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून घेतलेली, केसांत अबोलीचा नाहीतर झेंडूचा एखादा तरी तुकडा. त्यांचं गाव इथलंच, खाडीकाठचं. शेतं, मिठागरं गेली, त्यांच्या जागी नव्या शहराचे सेक्टर आले, पण खाडी अजून थोडीफार उरली होती. त्यांचे यजमान धर्माकाका भरती-ओहोटी बघून पाग टाकायला जायचे. पाग म्हणजे हाताने भिरकावून टाकायचं गोल जाळं. पाण्यावर छत्रीसारखं उघडतं आणि कडेला ओवलेल्या शिशाच्या मण्यांमुळे बुडतं.

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा मी ट्रॅप रिकामे करत होते. चपटे झालेले छर्रे परातीत ओतले तेव्हा मावशी फडकं हातात धरून बघत राहिल्या.

"मॅडम, ह्या शिसा टाकून देता काय?" त्यांनी विचारलं. "आमच्या म्हाताऱ्याला पागाला लागतो."

मला मनापासून आनंद झाला. आपल्या केराचा कुणाला तरी उपयोग होतो याचा आनंद, आणि खरं सांगायचं तर देण्याचाही. मी कापडी पिशवी शोधून स्वतःच्या हाताने ती भरून दिली. मग दर आठवड्याला एक पिशवी जाऊ लागली. गावात कुणाचा पाग फाटला, मणी गळले, तर धर्माकाका बसवून द्यायचे. ते शिसं लोखंडी पळीत वितळवून मातीच्या साच्यात ओततात, हे मावशींनी मला हातवारे करून सांगितलं होतं. पाऊस होता, परसात चूल पेटत नव्हती, म्हणून हे काम घरातच, स्वयंपाकाच्या गॅसवर चालायचं. हेही त्यांनी सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं होतं. 'पोटात गेलं तर वाईट' हे जिला पाठ होतं, तीच मी हे ऐकत होते आणि मान डोलावत होते.

मावशींना मी कधीच म्हटलं नाही की हात धुवा. त्या कोरड्या झाडूने ट्रॅपखालची करडी धूळ झाडायच्या, ती ट्यूबलाइटच्या उजेडात तरंगताना मी पाहिली आहे. भिंतीवरचा कागद इंग्रजीत होता आणि त्यांना वाचता येत नव्हतं. माझा नियम मुलांसाठी होता. मी ठरवून असं केलं नाही. ठरवून केलं असतं तर निदान त्याला एखादं कारण तरी देता आलं असतं.

गौरी बसल्या तेव्हा मावशींनी मला घरी जेवायला बोलावलं. दोन खोल्यांचं घर, समोर नवे टॉवर. त्यांची साडेतीन वर्षांची नात स्वरा दारातच उभी होती. मुलगा आणि सून दोघंही कामाला जात, त्यामुळे पोर दिवसभर आजी-आजोबांकडेच असायची. लाल फ्रॉक आणि गळ्यात धर्माकाकांनी दोऱ्यात ओवून दिलेली शिशाच्या मण्यांची माळ. त्यातला एक मणी तिच्या दातांत होता. मी तिला उचलून घेतलं आणि माळेचं कौतुक केलं. त्या वेळी माझ्या डोक्यात खरंच काही आलं नाही. माझ्या सगळ्या वागण्यात एवढी एकच गोष्ट मी शपथेवर सांगू शकते.

नवरात्राच्या आधी मावशींचे खाडे सुरू झाले. पोरीचं पोट दुखतं, जेवत नाही, चिडचिड करते. जवळच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग रक्त कमी आहे म्हणून टॉनिक. मावशी सांगायच्या आणि मी काळजीने ऐकायचे. एकदा मी डाळिंबंही दिली.

निवड स्पर्धा जवळ आली होती. माझी चार मुलं तयार होती आणि त्यातल्या दोघींबद्दल मला खात्री होती. अशातच एका मुलीचे वडील भेटायला आले. ते स्वतः डॉक्टर. त्यांनी सौम्यपणे विचारलं की छर्रे शिशाचे असतात ना, मग मुलांच्या बाबतीत तुम्ही काय काळजी घेता. हा माझा आवडता प्रश्न. मी त्यांना बेसिन दाखवलं, नियम दाखवला. शिसं शरीरात कसं साचतं, लहान मुलांना आधी पोटदुखी, मग रक्त कमी होणं, मग मेंदूवर परिणाम, असं सगळं मी घडाघडा सांगत गेले. मी पोटदुखी म्हणाले, रक्त कमी म्हणाले, आणि मध्येच थांबले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मावशी ट्रॅप रिकामे करत होत्या. छर्रे पिशवीत पडल्याचा आवाज येत होता. डॉक्टर समाधानाने मान हलवत होते. मी वाक्य पूर्ण केलं आणि त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

त्या क्षणी मला कळलं. 'मला वाटलं', 'कदाचित', 'बहुधा', असले शब्द मी नंतर वापरले. पण कळलं तेव्हाच.

फाटकापासून हॉलपर्यंत पन्नास पावलं असतील. तेवढ्यात मी बरंच काही ठरवलं. आत्ता बोलले तर मावशी घाबरतील, गावभर होईल. शाळेला कळेल आणि हॉल बंद होईल. हे डॉक्टर उद्या मुलीला काढून नेतील, मग दुसरे पालक. स्पर्धा बारा दिवसांवर आहे, चार मुलांचं वर्ष जाईल. आणि नेमकं शिशानेच होत असेल कशावरून, जंतही असू शकतात. मग मी आत येऊन मावशींना म्हणाले की यापुढे शिसं नेऊ नका, भंगारवाल्याला द्यायचं ठरलंय.

मावशींचा चेहरा पडला. आपल्याकडून काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी हातातली अर्धी भरलेली पिशवी जमिनीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वाकट्या मासे घेऊन आल्या. मॅडम रागावल्यात असं त्यांना वाटलं असावं. त्या वाकट्या मी घेतल्या. तळून खाल्ल्या.

मला वाटलं होतं, आपण मार्ग काढला. शिसं घरात येणं थांबलं, पोर हळूहळू सुधारेल, कुणाला काही कळायची गरज नाही. रोज सकाळी मी मावशींना विचारायचे, स्वरा कशी आहे. त्या म्हणायच्या, तशीच. मी मुलांना श्वास धरायला शिकवायचे. चाप ओढायच्या आधी अर्धा श्वास सोडायचा, अर्धा ठेवायचा आणि मन रिकामं करायचं. त्या दिवसांत मी मुलांवर एकदाही ओरडले नाही, इतकी शांत झाले होते. एक मुलगी म्हणालीसुद्धा, मॅडम या वर्षी किती गोड वागतात.

स्पर्धेच्या दिवशी माझ्या दोन मुली निवडल्या गेल्या. परतीच्या गाडीत पेढे फिरत असताना मावशींच्या सुनेचा फोन आला. स्वराला उलट्या थांबत नव्हत्या, ती डोळे उघडत नव्हती. तिला मोठ्या इस्पितळात नेलं होतं.

मी मुलांना सहायकाकडे सोपवून थेट तिकडे गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मावशी बसल्या होत्या, हातात स्वराच्या चपला. मी त्यांच्याजवळ थांबले नाही. आत जाऊन ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरबाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. छर्रे, गॅसवरची पळी, मण्यांची माळ. त्यांनी लगेच नर्सला रक्ताची वेगळी तपासणी लिहून दिली. जाता जाता त्यांनी विचारलं, "हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

मी म्हणाले, "आजच."

एवढाच शब्द. कुणी मला खोटं बोलायला भाग पाडलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, बरं झालं वेळेवर आलात.

तपासणीत शिसंच निघालं, खूप. स्वराला रक्तातलं शिसं बाहेर काढायची औषधं सुरू झाली. तीन आठवडे ती इस्पितळात होती. घर धुवून काढलं, पळी, साचे, माळ सगळं गेलं. धर्माकाकांनी पाग उचलला आणि कुणाला न सांगता कुठेतरी नेऊन टाकला. त्यानंतर ते खाडीवर गेले नाहीत. दिवसभर दारात बसायचे. माझ्या हातानं झाला, असं एकदा म्हणाले. मी समोर होते. मी म्हणाले, तुम्हाला काय माहीत होतं काका. ते खरंच होतं. त्यांना माहीत नव्हतं.

आणि मग जे झालं ते मला अजून सोसत नाही. गावात पसरलं की रेंजवाल्या मॅडमनी पोर वाचवली. डॉक्टरांना कळत नव्हतं ते मॅडमनी ओळखलं. माघी गणपतीला मला बोलावून नारळ आणि साडी दिली. मावशींनी स्वतः माझी ओटी भरली आणि स्वराला माझ्या पाया पडायला लावलं. ती वाकली. आजारपणात विरळ झालेले तिचे केस तेव्हा नुकते पुन्हा दाट होत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती साडी माझ्या कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

रेंजवर मी सगळं बदललं. ओलं पुसणं, हातमोजे, तोंडाला मास्क, मराठीत लिहिलेला नियम. शिसं आता कुलूपबंद डब्यात जातं. मावशी तीन वर्षं हातमोजे घालून काम करत राहिल्या. लोकांना वाटलं, बाई धडा शिकली.

स्वरा आता पहिलीत आहे. बोलकी आहे, नाचते, पण अक्षरं तिच्या डोक्यात राहत नाहीत. आज 'म' शिकवला तर उद्या विसरलेला असतो. शाळेतल्या बाई म्हणतात, हळू आहे, होईल. मी गुपचूप एका बालरोगतज्ज्ञांना विचारलं, हे त्या शिशामुळे आहे का. ते म्हणाले, असू शकतं, नसूही शकतं. मग मी विचारलं की उपचार बारा दिवस आधी सुरू झाले असते तर. त्यांनी चष्मा काढून पुसला. सांगता येणार नाही, म्हणाले. काहीच फरक पडला नसता असं ते म्हणतील, या आशेने मी गेले होते. तसं ते म्हणाले नाहीत.

ऋचाची यादी त्या दिवशी अर्धीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशींच्या घरी गेले. धर्माकाका झोपले होते. मावशी सुका जवळा निवडत बसल्या होत्या. मी जमिनीवरच बसले आणि सांगून टाकलं. त्या इस्पितळात मी खोटं बोलले. मला आधीच कळलं होतं. ते डॉक्टर रेंजवर आले होते त्या दिवशी. बारा दिवस मी गप्प बसले, कारण माझी स्पर्धा होती.

मावशींचा हात सुपात थांबला. मग त्यांनी विचारलं, "तुमी शिसा न्हेऊ नका बोललात, तो दिवस?"

मी हो म्हटलं.

"घरात दोन पिशव्या भरलेल्या होत्या," त्या संथपणे म्हणाल्या. "तुमी नको बोललात ना, तर आमचे म्हातारे बोलले, मॅडमचा मन फिरलाय, उद्या परत मागतील. हाय तेवढा वितलवून घेऊ. ते बारा दिवस आमी रोज वितलवला मॅडम. आधी कवा तरी करायचो, मग रोज. पोरगी माझ्या मांडीवर असायची."

माफी मागायला गेले होते. तिथे पोचल्यावर कळलं की कशाकशाची मागायची हेच मला माहीत नव्हतं.

मावशींनी सूप बाजूला ठेवलं आणि उठून दार उघडं केलं. "आता जा तुमी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पोरगी शालेतना येल. तुमाला बगून ती धावत येते. आज नको."

तिसऱ्या दिवशी सून येऊन हॉलची चावी देऊन गेली. आई येणार नाहीत, एवढंच तिने सांगितलं.

त्यांच्या जागी मी कुणाला ठेवलेलं नाही. संध्याकाळी मुलं गेली की हातमोजे चढवून मीच लादी पुसते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गुडघे दुखतात. त्याने काही फिटत नाही हे मला कळतं.

गेल्या सोमवारी नवी बॅच आली. नऊ मुलं, बहुतेक सहावी-सातवीतली, रायफल कधी हातात मिळते म्हणून अधीर झालेली. दरवर्षी पहिल्या दिवशी मी रायफल कशी धरायची ते दाखवते. या वेळी मी त्यांना लादीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. स्वराचं नाव घेतलं नाही, बाकी काही वगळलं नाही. मागे बसलेल्या एका चष्मेवाल्या मुलीने हात वर केला.

"मग तुम्ही लगेच का नाही सांगितलं, मॅडम?"

"स्पर्धा होती," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. पुढचं काहीतरी असेल म्हणून ती थांबली होती. पुढे काही नव्हतं.